वाचक विचारतात: हा बकली नेमका होता तरी कोण?

गेल्या अंकात टीव्हीवरच्या डिबेटच्या आरडाओरड्याबद्दल लिहिताना मी जाता जाता विल्यम एफ. बकली ज्युनियर या अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह पत्रकाराचं नाव घेतलं होतं, एका वाक्यापुरतंच, आणि पुढे निघून गेले. त्या एका वाक्यावर इतके मेसेज आलेत की बाकीचे सगळे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलून हा पूर्ण कॉलम त्याच्यावरच करतेय. काही प्रश्न जरा छाटलेत, राग नसावा.

प्रश्न: हा माणूस कोण, कुठला, काय केलं त्याने? आधी हे तरी सांगा, मग बाकीचं. (एक वाचक, नाशिक)

सांगते. जन्म न्यूयॉर्कचा, २४ नोव्हेंबर १९२५. दहा भावंडांत सहावा. बाप तेलाच्या धंद्यातला, मूळ टेक्सासचा, आधी मेक्सिकोत बस्तान होतं पण तिथल्या सरकारने १९२१ मध्ये हाकलून दिलं, मग व्हेनेझुएलात पैसा केला. घरात कट्टर कॅथलिक वातावरण आणि कम्युनिझमचा मनापासून तिटकारा. पोराला सांभाळायला मेक्सिकन बायका, म्हणून तो आधी स्पॅनिश बोलायला लागला, मग पॅरिसच्या शाळेत फ्रेंच, आणि इंग्रजीचं रीतसर शिक्षण लंडनला गेल्यावर. पुढे ज्याच्या इंग्रजीला अख्खी अमेरिका दबकून असायची, ज्याचे शब्द लोक डिक्शनरीत शोधायचे, त्याची इंग्रजी ही तिसरी भाषा होती हे मला फार आवडतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी थोडा काळ सैन्यात, मग येल विद्यापीठ, १९५० ला पदवी. पुढच्याच वर्षी येलवरच पुस्तक लिहून मोकळा झाला, की इथले प्राध्यापक पोरांना धर्मापासून आणि भांडवलशाहीपासून तोडतायत. पंचविशीतलं पोरगं आपल्याच कॉलेजला शिव्या घालतंय म्हटल्यावर पुस्तक गाजणारच. मग काही महिने सीआयएत, मेक्सिको सिटीत, आणि तिथला साहेब कोण तर हॉवर्ड हंट, जो वीस वर्षांनी वॉटरगेटमध्ये, म्हणजे निक्सन यांची खुर्ची घालवणाऱ्या प्रकरणात अडकला! १९५५ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे मासिक काढलं (खरं तर सुरुवातीला साप्ताहिक, नंतर पंधरा दिवसांनी यायला लागलं). १९६२ पासून वृत्तपत्रांत कॉलम, १९६६ ते १९९९ ‘फायरिंग लाइन’ हा टीव्ही शो, मध्ये एकदा महापौरपदाची निवडणूक, पन्नासच्या वर पुस्तकं, त्यात हेरकथा पण, शिवाय शिडाच्या बोटीतून अटलांटिक ओलांडणं आणि हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं जुनं वाद्य) वाजवणं. २७ फेब्रुवारी २००८ ला कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्डच्या घरी, आपल्या लिहिण्याच्या खोलीतच गेला. ८२ वर्षांचा होता.

प्रश्न: ताई, मी यूट्यूबवर जेम्स बाल्डविन आणि बकलीचं केंब्रिजचं डिबेट बघितलं. बकली सपाटून हरलाय त्यात. मग लोक त्याला एवढा ग्रेट डिबेटर का म्हणतात? (एक विद्यार्थी, पुणे)

हरलाच होता, आणि हरायलाच हवा होता. १८ फेब्रुवारी १९६५, केंब्रिज युनियन, विषय असा की अमेरिकन स्वप्न हे तिथल्या काळ्या लोकांच्या जिवावर उभं आहे का. बाल्डविन, म्हणजे काळा अमेरिकन लेखक, बोलला तो स्वतःचा इतिहास बोलल्यासारखा, कापूस मी वेचला, बाजारात मी नेला, रेल्वे मी बांधली, कुणाच्या तरी चाबकाखाली आणि फुकट. अख्खं सभागृह उभं राहिलं टाळ्या वाजवत. त्यानंतर बकली उठला आणि सुरुवातीलाच बाल्डविनच्या उच्चारांवर टोमणा मारला, तिथेच गाडी घसरली. मतं पडली ५४४ विरुद्ध १६४.

पण तू फक्त हा व्हिडिओ बघून थांबू नकोस, याच्या मागचं आणि पुढचं पण बघ. मागचं हे की ऑगस्ट १९५७ मध्ये त्याच्या मासिकाने एक संपादकीय छापलं होतं, दक्षिणेतल्या गोऱ्यांना ते अल्पसंख्य असतील तिथेही सत्ता आपल्या हातात ठेवायचा हक्क आहे, कारण सध्या तरी तीच पुढारलेली जमात आहे, असं. हे सरळ सरळ लिहिलंय, आडून नाही. त्याचे चाहते हा भाग चटकन ओलांडून पुढे जातात आणि विरोधक त्यापुढे जातच नाहीत. पुढचं असं की २००४ मध्ये टाइम मासिकाला मुलाखत देताना तो स्वतः म्हणाला, मला वाटायचं वंशभेदाचे कायदे हळूहळू आपोआप मागे पडतील, माझं चुकलं, केंद्र सरकारने मध्ये पडणं गरजेचंच होतं. म्हणजे १९५७ ते २००४. सत्तेचाळीस वर्षं. एवढ्या हुशार माणसाला एवढा वेळ का लागला याचं माझं उत्तर असं की वादात शब्दांनी वाट काढता येते त्याला आपली चूक लवकर दिसतच नाही, प्रत्येक वेळी काहीतरी झकास सुचतं आणि वेळ निभावते. केंब्रिजला पहिल्यांदा निभावली नाही.

प्रश्न: गोर व्हिडालबरोबरची शिवीगाळ हीच आजच्या आपल्या चॅनेल्सची गंगोत्री म्हणायची का? (डोंबिवली)

बरेच अमेरिकन पत्रकार असंच म्हणतात. प्रकार असा झाला की १९६८ मध्ये एबीसी हे चॅनेल तीनही नेटवर्कमध्ये शेवटी होतं, पैसा कमी, म्हणून दोन्ही पक्षांच्या अधिवेशनांचं दिवसभर कव्हरेज द्यायचं सोडून त्यांनी रात्री दोन माणसं समोरासमोर बसवली. उजवीकडून बकली, डावीकडून लेखक गोर व्हिडाल. दोघांचं आधीपासून वाकडं. २८ ऑगस्टला शिकागोच्या रस्त्यावर पोलीस आंदोलकांना बडवत होते आणि स्टुडिओत यांचं सुरू होतं, व्हिडाल बकलीला छुपा नाझी म्हणाला, बकलीचा तोल सुटला आणि त्याने व्हिडालला समलैंगिकतेवरून शिवी देऊन थोबाड फोडायची धमकी दिली. लाइव्ह. लाखो घरांत. मग दोघांनी एस्क्वायर मासिकात एकमेकांवर लांबलचक लेख लिहिले, कोर्टकचेऱ्या झाल्या, त्या १९७२ पर्यंत चालल्या.

आता गंगोत्रीचं. मला वाटतं चॅनेलवाल्यांना त्या रात्री एक गोष्ट कळली, की रिपोर्टर पाठवण्यापेक्षा दोन माणसं भांडायला बसवणं स्वस्त पडतं, आणि हा हिशोब पुढे सगळीकडे गेला, आपल्याकडे पण. पण बकलीचा स्वतःचा शो तसा नव्हता. आणि त्या शिवीची त्याला आयुष्यभर लाज वाटत राहिली, व्हिडालला मात्र नाही, बकली गेला तेव्हा व्हिडालने नरकात स्वागत असो अशा अर्थाचं लिहिलं!

प्रश्न: मासिक कायम तोट्यात, खप यथातथा, मग एवढा राजकीय परिणाम कसा काय झाला? आम्ही पण एक नियतकालिक चालवतो म्हणून विचारतोय. (कोल्हापूर)

तुमच्या प्रश्नासाठी खरं तर हा कॉलम लिहायला घेतला. सगळे क्लिप बघतात, पण बकलीचं खरं काम संपादकाचं होतं आणि ते यूट्यूबवर दिसत नाही.

पहिला अंक १९ नोव्हेंबर १९५५ चा, तेव्हा त्याला तीस पण पूर्ण नव्हती. बापाने एक लाख डॉलर घातले, बाकीचे हिंडून गोळा केले. पहिल्याच अंकात लिहिलं की इतिहास पुढे धावतोय आणि आम्ही त्याच्या आडवं उभं राहून थांब म्हणून ओरडणार. हे वाक्य आज सगळ्यांना पाठ आहे, त्या वेळी मात्र हसण्यावारी नेलं असणार, कारण तेव्हा अमेरिकेत उजव्या विचाराचे लोक होते पण एकमेकांचं तोंड बघत नव्हते. एकीकडे चर्चवाले परंपरावादी, दुसरीकडे सरकारने आमच्या खिशात हात घालू नये म्हणणारे खुल्या बाजाराचे लोक ज्यांना चर्चशी काही देणंघेणं नाही, तिसरीकडे सोव्हिएत रशियाचा धसका घेतलेले, आणि त्यातले कितीतरी तर आधी स्वतःच कम्युनिस्ट होते. व्हिटकर चेंबर्स आधी रशियासाठी हेरगिरी केलेला, जेम्स बर्नहॅम माजी ट्रॉट्स्कीवादी, फ्रँक मायर माजी पक्ष कार्यकर्ता. या सगळ्यांना एका ऑफिसात बसवणं म्हणजे काय ताप असेल विचार करा. मायरने मांडणी केली की परंपरा आणि व्यक्तिस्वातंत्र्य ही एकाच गाडीला जुंपता येतात, बाकीच्यांनी त्यावर पानंच्या पानं भांडण केलं, आणि बकलीने ते भांडण छापलं. वाचकाला आपोआप वाटायला लागलं की ही सगळी एकाच घरातली माणसं आहेत.

आणि दुसरं, कोणाला बाहेर ठेवायचं हे त्याने ठरवलं. जॉन बर्च सोसायटी म्हणून संघटना होती, तिचा प्रमुख रॉबर्ट वेल्च म्हणायचा की राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर हा जाणूनबुजून कम्युनिस्टांचं काम करतोय. आयझेनहॉवर! १९६२ मध्ये बकलीने वेल्चवर लिहिलं आणि १९६५ मध्ये पूर्ण संघटनेशीच फारकत घेतली. वर्गणीदार गेले, देणगीदार चिडले, कारण त्याच्याच वाचकांत बर्चवाले भरपूर होते. तोट्यातल्या मासिकाने स्वतःचे वर्गणीदार घालवणं म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आयन रँड, जी आपल्याकडची इंजिनीअरिंगची पोरं अजून उशाशी घेऊन झोपतात, तिच्या कादंबरीचं चेंबर्सने १९५७ मध्ये या मासिकात असं काही परीक्षण केलं की त्यानंतर बकली ज्या खोलीत असेल तिथे ती थांबायची नाही, असं तो स्वतःच मजेत सांगायचा. (ही दारबंदी त्याने वंशवाद्यांच्या बाबतीत इतक्या लवकर केली नाही, ते वर पुण्याच्या उत्तरात आलंच आहे, आणि जिथे तिथे कम्युनिस्ट शोधणाऱ्या सिनेटर मॅकार्थीची बाजू घेऊन तर त्याने १९५४ मध्ये मेहुण्याबरोबर पुस्तक लिहिलं होतं.)

याचा परिणाम मग मासिकाच्या बाहेर दिसायला लागला. १९६० मध्ये कनेक्टिकटमध्ये शॅरनला त्याच्या घरच्या वाड्यावर शंभरेक तरुण जमले आणि त्यांची एक युवक संघटना निघाली. त्याच मेहुण्याने सिनेटर बॅरी गोल्डवॉटरच्या नावाने पुस्तक लिहून दिलं, ते तुफान खपलं. १९६४ ला गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि फक्त सहा राज्यं जिंकून आपटला, सगळे म्हणाले संपला विषय. पण हे मासिक नेमाने वाचणारा एक नट होता, रोनाल्ड रेगन नावाचा, तो १९८० ला राष्ट्राध्यक्ष झाला. पंचवीस वर्षं लागली, आणि मधली बरीच वर्षं देणग्यांवर निघाली. तुमच्या नियतकालिकाला शुभेच्छा!

प्रश्न: निवडणूक लढवली होती म्हणता, निकाल काय लागला? (ठाणे)

पडला. १९६५, न्यूयॉर्कचं महापौरपद, कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टीकडून, मतं १३.४ टक्के, जिंकला लिंडसे. पत्रकारांनी विचारलं जिंकलात तर पहिलं काय कराल, तर म्हणाला फेरमोजणी मागेन. त्याच्या जाहीरनाम्यात सेकंड अॅव्हेन्यूवर जमिनीच्या वर वीस फूट उंच सायकल मार्ग बांधायची योजना होती, लोक हसले होते, आज हीच योजना घेऊन कोणी डावा उभा राहिला असता. पाच वर्षांनी त्याचा भाऊ जेम्स मात्र त्याच छोट्या पक्षातर्फे न्यूयॉर्कमधून सिनेटवर निवडून आला.

प्रश्न: विरोधकांशी त्याची खरंच मैत्री होती की कॅमेऱ्यापुरती? आमच्या गावात दोन पक्षांचे कार्यकर्ते एका टपरीवर चहा पीत नाहीत हल्ली. (सातारा)

व्हिडाल सोडून बहुतेकांशी होती. सगळ्यात जवळचा जॉन केनेथ गॅलब्रेथ, तोच तो नेहरूंच्या काळात दिल्लीत अमेरिकेचा राजदूत असलेला अर्थतज्ज्ञ, सरकारने खर्च वाढवावा म्हणणारा पक्का लिबरल. बकली दर हिवाळ्यात स्वित्झर्लंडला जाऊन पुस्तक लिहायचा आणि तिथे या गॅलब्रेथबरोबर स्कीइंग. दिवसा डोंगरावर आणि नंतर टीव्हीवर एकमेकांच्या चिंधड्या. अर्थात दोघांनाही स्वित्झर्लंड परवडत होतं हे पण लक्षात घ्या, मैत्रीला जागा लागते आणि पैसेवाल्यांकडे ती जरा जास्त असते.

स्वतःच्या माणसांशी पण भांडायचा. पनामा कालवा पनामाला परत द्यावा की नाही यावर जानेवारी १९७८ मध्ये तो रेगनच्या विरुद्ध उभा राहिला, बकली द्यावा म्हणत होता. १९९६ मध्ये मासिकात लिहिलं की ड्रग्जविरुद्धचं युद्ध आपण हरलोय, कायदे बदला. २००६ मध्ये, बुश सत्तेवर असताना, इराकमध्ये आपलं जमलं नाही असं कॉलममध्ये स्पष्ट लिहिलं. आणि याच माणसाने १९८६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये सुचवलं होतं की एड्सच्या रुग्णांच्या अंगावर टॅटू करून खूण करावी. हे वाचून आजही पोटात गोळा येतो. मैत्री, सुसंस्कृतपणा वगैरे बोलताना हे पान फाडून टाकता येत नाही.

प्रश्न: एका खुन्याला त्याने तुरुंगातून सोडवलं होतं हे खरं का? (एक वकील, नागपूर)

खरं आहे आणि वाईट आहे. एडगर स्मिथ, न्यू जर्सीत १९५७ मध्ये १५ वर्षांच्या मुलीच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झालेला. बकलीला कळलं की हा कैदी नॅशनल रिव्ह्यू वाचतो, १९६२ पासून पत्रव्यवहार सुरू झाला, स्मिथ लिहायचा सुंदर, आणि सुंदर लिहिणारा माणूस निर्दोष असणार अशी काहीतरी बकलीची समजूत झाली असावी. लेख लिहिला, वकिलांसाठी पैसे उभे केले, कैद्याचं पुस्तक निघालं. डिसेंबर १९७१ मध्ये तडजोडीने स्मिथ सुटला आणि तुरुंगातून थेट फायरिंग लाइनच्या रेकॉर्डिंगला. १९७६ मध्ये त्याने कॅलिफोर्नियात एका बाईला पळवून भोसकलं, ती नशिबाने वाचली. फरार असताना स्मिथने फोन केला तो बकलीच्याच ऑफिसात, आणि बकलीने एफबीआयला ठावठिकाणा कळवला. नंतर कोर्टात स्मिथने तो १९५७ चा खून पण कबूल केला. तुम्ही वकील आहात, यातून काय घ्यायचं ते तुम्हीच ठरवा, मला फक्त एवढंच दिसतं की कायदा आणि सुव्यवस्थेचा सगळ्यात मोठा कैवारी एका चांगल्या गद्याला फसला.

प्रश्न: दिनेश डिसूझा गोव्याचे ना? ते बकलीचे शिष्य का? (म्हापसा)

कुटुंब गोवन कॅथलिक, जन्म मुंबईचा, १९६१. १९७८ मध्ये रोटरीच्या एक्सचेंजवर अॅरिझोनात गेला, मग डार्टमथ कॉलेज. तिथे ‘डार्टमथ रिव्ह्यू’ हे उजव्या पोरांचं पेपर निघालं होतं आणि त्यांच्या पाठीशी जेफ्री हार्ट नावाचे प्राध्यापक होते, जे नॅशनल रिव्ह्यूचे वरिष्ठ संपादक. तर थेट शिष्य नाही पण त्याच झाडाची फांदी. पुढे रेगनच्या व्हाइट हाउसमध्ये काम, १९९१ मध्ये अमेरिकन विद्यापीठांवरचं गाजलेलं पुस्तक (येलवरच्या बकलीच्या पुस्तकाची आठवण यावी असं). नंतर मात्र रस्ता वेगळा. २०१४ मध्ये निवडणूक देणग्यांच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला, २०१८ मध्ये ट्रम्पनी माफी दिली, आणि २०२० च्या निवडणुकीत घोटाळा झाला म्हणणारी त्यांची फिल्म २०२४ मध्ये वितरक कंपनीने माफी मागून मागे घेतली. बर्चवाल्यांना दार दाखवणारा संपादक जागेवर असता तर काय केलं असतं, असा प्रश्न अमेरिकेत बरेच जण विचारतात.

प्रश्न: बकली आज असता तर ट्रम्पबरोबर असता का? इथे आमच्या मराठी मंडळात यावरून जोरदार वाजलं. (न्यू जर्सी)

गेलेल्या माणसाचं मत मी देणार नाही, मंडळात तुमचं चालू द्या. कागदावर आहे ते सांगते. २००० साली ट्रम्प राष्ट्राध्यक्षपदाचा विचार करत होते तेव्हा बकलीने त्यांच्यावर लिहिलं होतं, आत्ममग्न माणूस, आरशात बघून खूश होणारा, अशा सुरात. जानेवारी २०१६ मध्ये त्याच्या मासिकाने ट्रम्प नकोत म्हणून अख्खा अंक काढला, आणि त्याच वर्षी ट्रम्प जिंकले. घरातली गोष्ट त्याहून भारी, बकली गेला त्याच वर्षी, २००८ मध्ये, मुलगा ख्रिस्तोफरने ओबामाला पाठिंबा जाहीर केला आणि वडिलांच्या मासिकातला आपला कॉलम सोडला.

प्रश्न: फायरिंग लाइनचे एवढे एपिसोड, कुठून सुरू करू? इंग्रजी जड जातं मला. (एक वाचक, चिपळूण)

एकूण १,५०४ आहेत, त्यामुळे सगळे बघायच्या भानगडीत पडू नका. तो खुर्चीत जवळजवळ आडवा पडून बोलतो, हातात पेन्सिल आणि क्लिपबोर्ड, भुवया वर, मध्येच जीभ बाहेर, आणि वाक्य संपता संपत नाही, त्यामुळे पहिली दहा मिनिटं वैताग येईल, सबटायटल चालू ठेवा. पहिला १९६८ चा अॅलन गिन्सबर्गचा बघा, हा बीट कवी स्टुडिओत पेटी काढून हरे कृष्ण म्हणायला लागतो आणि बकली अगदी शांत बसून ऐकतो, इंग्रजीची गरजच नाही. मग १९६९ चा नोम चॉम्स्कीचा (भाषाशास्त्रज्ञ आणि युद्धाचा कडवा विरोधक), व्हिएतनामवर, त्यात सुरुवातीलाच बकली हसत हसत थोबाड फोडायची गोष्ट करतो, व्हिडालच्या प्रकरणाला वर्ष पण झालेलं नव्हतं. नंतर पाहिजे तर मुहम्मद अली. रेगन आणि थॅचरचे मी तरी अर्धवट सोडले, सगळे एकमेकांशी सहमत असले की बकली कंटाळवाणा होतो.